‘सान गिनेस’चं निशाण

शुक्रवार, १८ ऑक्टोबर १८०५. दुपारचे चार. कादिसचं बंदर.

जहाजाच्या पिछाडीला बसून निशाण शिवत होतो. खालच्या लाल पट्टीची कड हातभर उसवली होती. दुहेरी टाका घातला. मग पुन्हा उलट बाजूने तपासला. एक टाका तिरका वाटला, तो काढून परत घातला.

खलाशांचा मुकादम, सारंग कोस्मे मागे उभा राहून बघत होता. “काय रे शिंप्या, नवरीचा झगा शिवतोयस का? इंग्रजांचे गोळे टाके मोजून येत नाहीत!”

मी पुढचा टाका घातला. त्याच्याशी बोललं की तो आणखी बोलतो.

मला आणि निकासिओ न्हाव्याला धरून आणलं त्याला आता दुसरा आठवडा. दोघेही कादिसच्या ला विन्या वस्तीतले, एकाच गल्लीतले. गुत्त्यातून बाहेर पडत होतो. शिपायांनी निकासिओच्या खिशातला वस्तरा काढला. तो ओरडतोय, “अहो, न्हावी आहे मी!” तर शिपाई म्हणतो, “झकास! चल, इंग्रजांची हजामत करायला.” जहाजावर निम्मी माणसं अशीच. भिकारी, हमाल, तुरुंगातून सोडलेले. समुद्र सगळ्यांनी पाहिलाय, पण किनाऱ्यावरून!

संध्याकाळी उपकप्तान डॉन फेर्मीन आरोस्तेगी आले. निशाणाची कड बोटांत धरून बघितली. “हे तू केलंस?” हो म्हणालो. “नाव?” ऊर्बानो. “ऊर्बानो, आजपासून निशाणाशी तू. तोफेवर नको.”

एवढ्या मोठ्या माणसाने माझं नाव विचारलं! आईला सांगायला हवं.

शनिवार, १९ ऑक्टोबर.

बंदर सोडलं. मला निशाणाची जागा दाखवली. कोस्मेने नियम सांगितला, आणि पहिल्यांदाच चेष्टा केली नाही. “निशाण वर आहे तोवर आपण लढतोय. खाली आलं की संपलं, जहाज त्यांचं. मग एक गोळी जरी झाडलीस तरी आपण लुच्चे. म्हणून कप्तानाच्या तोंडचा शब्द ऐकल्याशिवाय या दोराला हात लावायचा नाही. कप्तान मेला तर उपकप्तानाचा. देव स्वतः आला आणि म्हणाला तरी नाही. कळलं?”

कळलं.

रविवार, २० ऑक्टोबर.

दिवसभर ओकलो. निकासिओही.

सोमवार, २१ ऑक्टोबर. सकाळ.

दिसतायत. ओळीने शिडं. आमच्याकडेच येतायत, पण किती सावकाश! वारा जवळजवळ नाहीच. मरायचं तर लवकर तरी मरावं.

पाद्रीबुवांनी सगळ्यांना गुडघ्यावर बसवून पापमुक्ती दिली. नंतर मोठा लाकडी क्रूस आणला. तो लढाईत पिछाडीच्या आडव्या काठीला टांगतात, निशाणाच्या खाली. मी आणि निकासिओने ओढून वर घेतला. त्याचा दोर निशाणाच्या दोराच्या शेजारच्या खुंटीला बांधला. गाठ मी घातली.

कोस्मे म्हणाला, “आता वही आत टाक, नाहीतर तुझं मृत्युपत्र समजून कोणीतरी वाचेल.”

मेणकापडात गुंडाळून सदऱ्याच्या आत ठेवतो.

मंगळवार, २२ ऑक्टोबर.

जिवंत आहे. जहाजावर इंग्रज आहेत. वादळ सुरू आहे, अक्षर हलतंय.

जे झालं ते क्रमाने लिहितो.

दुपारी सुरू झालं. पहिला गोळा लागला तेव्हा जहाज शिंकल्यासारखं हललं. मग मोजायचं सोडलं. सगळीकडे धूर. पांढरा, दाट, घशात बसणारा. निशाणापाशी माझ्याबरोबर बंदूकधारी शिपाई होता. तो कधी पडला ते मी पाहिलं नाही. वळलो तेव्हा पडलेला होता, एवढंच.

कप्तानसाहेब मधल्या डोलकाठीजवळ गोळा लागून गेले. डॉन फेर्मीनने तलवार उपसून डेकवर येरझाऱ्या घालायला सुरुवात केली, जणू काही झालंच नाही. मग डोलकाठीचा वरचा तुकडा कोसळला. त्यातलं काहीतरी त्यांच्या डोक्याला लागलं. ते माझ्यापासून चार पावलांवर आडवे झाले. कानातून रक्त.

खालच्या तोफांवरून निकासिओचा आवाज येत होता. तो माझं नाव घेऊन ओरडत होता. त्याच्या तोफेभोवतीचे सगळे गेले होते, हे नंतर कळलं. तो एकटाच तोफ ओढत होता आणि माझ्या नावाने हाका मारत होता. मी का? मी काय करणार होतो?

तेवढ्यात क्रूस दिसला. त्याची काठी मोडून तो खाली लोंबत होता, पाण्यात बुडत होता, वर येत होता. मला ते बघवेना. वर घ्यावा म्हणून खुंटीकडे गेलो. धुरात डोळे उघडता येत नव्हते. दोर सोडला.

निशाण खाली आलं.

माझ्या अंगावर पडलं. डोक्यावरून, खांद्यावरून. आत लाल उजेड होता. बाहेर काढलं तोंड, तर तोफा थांबल्या होत्या. त्यांच्याही आणि आमच्याही. मग पलीकडच्या जहाजावर आरोळी उठली. टोप्या उडाल्या.

कोस्मे धावत आला. “चढव! चढव परत, गाढवा! कोणी सांगितलं तुला?”

तेव्हा चूक झाली असं म्हणता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं. सारंग, क्रूसाचा दोर समजून सोडला. तीन-चार शब्द.

मी डॉन फेर्मीनकडे बोट दाखवलं. म्हणालो, “त्यांनी.”

कोस्मेचा हात खाली आला. त्याने बेशुद्ध पडलेल्या डॉन फेर्मीनकडे पाहिलं, टोपी काढली आणि घाम पुसला. म्हणाला, “बरं.” आणि डेकवर बसला.

हे या पानाशिवाय कोणाला सांगितलेलं नाही.

बुधवार, २३ ऑक्टोबर.

वादळ. इंग्रज आणि आम्ही एकाच पंपावर. कोस्मे समोरच्या इंग्रजाकडे बोट दाखवून म्हणतो, “परवा हा माझा जीव घेत होता, आज माझ्या तालावर पाणी उपसतोय. लग्न झाल्यासारखं वाटतंय!” सगळे हसले. तो इंग्रजही हसला, काही न कळता.

मला हसता आलं नाही. डॉन फेर्मीन अजून शुद्धीवर नाहीत. त्यांच्या तोंडात पाणी घालायचं काम मी मागून घेतलंय.

गुरुवार, २४ ऑक्टोबर.

जहाज कादिसजवळच्या रोता गावाच्या वाळूत घुसलं. फुटलं. गावकरी कंबरभर पाण्यात उतरून आम्हाला ओढून काढत होते, आमची माणसं आणि इंग्रज, दोन्ही. एका बाईने मला घोंगडी, पाव आणि दारू दिली. म्हणाली, “खा पोरा, देवासाठी लढलात तुम्ही.” मी पाव हातातच धरून बसलो. तिला वाटलं दात दुखतोय.

रविवार, २७ ऑक्टोबर. घरी.

काल रात्री आईने दार उघडलं आणि मला ओळखलंच नाही. मग ओळखलं, तेव्हा आधी एक थोबाडीत दिली. “निरोप पाठवता येत नव्हता होय रे?”

सकाळी तिच्याबरोबर मासळीबाजारात गेलो. रेमेदिओस मासळीवाली मोठ्याने विचारते, “कुठल्या जहाजावर होतास रे?” सान गिनेस म्हणालो. “अगंबाई! ते निशाण काढून पांघरून घेतलं ते?” आजूबाजूच्या बायका फिदीफिदी.

आईने टोपली खाली ठेवली. कमरेवर हात. “माझा मुलगा निशाण शिवायला होता, उतरवायला नव्हता! तुझा नवरा कुठे होता त्या दिवशी? पलंगाखाली?” मग तिने मला दंडाला धरून, मान वर करून, सगळ्या बाजारातून मिरवत नेलं.

घरी आल्यावर तिने कपाटातून वडिलांची मोठी कात्री काढून माझ्यासमोर ठेवली. आता ही तुझी म्हणाली.

मी घेतली. नाही कशी म्हणणार?

शनिवार, २ नोव्हेंबर.

मृतांचा दिवस. चर्चमध्ये कप्तानसाहेबांसाठी मेणबत्ती लावली. दुसरी डॉन फेर्मीनसाठी लावायला गेलो, आणि हात मध्येच थांबला. ते जिवंत आहेत! कालच शुद्धीवर आले असं कळलं. मेणबत्ती खिशात घालून पळत बाहेर आलो.

माझ्या हाताला काय हवं होतं, ते मला लिहायचं नाही.

मंगळवार, ५ नोव्हेंबर.

कोस्मे आला होता. जहाज नसलेला सारंग म्हणजे बिऱ्हाड हरवलेली बाई, असं स्वतःच म्हणाला. आईने त्याला तळलेली मासळी वाढली. खाताना सांगितलं, चौकशी बसलीय. खालच्या मजल्यावरच्या तोफा शाबूत होत्या, दारूही होती. मग निशाण का उतरलं? कप्तान आधीच गेले होते, म्हणजे जबाबदारी डॉन फेर्मीनची. भित्रेपणाचा आरोप. सिद्ध झाला तर सगळ्यांसमोर तलवार काढून घेतील. आणखी वाईटही होऊ शकतं.

“तुम्ही काय सांगितलंत?” मी विचारलं.

“तू सांगितलंस तेच. मी कानाने हुकूम ऐकला नाही, पण पोरगा म्हणाला, आणि पोरगा खोटं बोलणारा नाही.” मग काटा तोंडातून काढत म्हणाला, “तुलाही बोलावतील. फक्त हो म्हणायचं.”

“त्यांना स्वतःला काय आठवतं?”

“काही नाही. डोलकाठी पडेपर्यंतचं आठवतं. पुढे कोरं.”

आई म्हणाली, “बिचारा! पण भित्रा तर भित्राच.”

मी उठून बाहेर गेलो.

शनिवार, ९ नोव्हेंबर.

इस्पितळात गेलो. सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो. वाटेत वाक्य पाठ केलं. साहेब, तुम्ही काही बोलला नाहीत, माझा हात चुकला.

डॉन फेर्मीन भिंतीला टेकून बसले होते. डोक्याला पट्टी. मला बघून एवढे आनंदले की मी उभाच राहिलो. “ऊर्बानो! ये, बस. तुझीच वाट बघत होतो. तोंडात पाणी तू घालत होतास म्हणे.”

मग माझा हात धरला. “मला एक सांग. मी रात्रंदिवस आठवायचा प्रयत्न करतोय. आरोस्तेगी घराण्यात निशाण कोणी उतरवलेलं नाही. वडिलांनी नाही, आजोबांनी नाही. मी का उतरवायला सांगितलं? काय म्हणालो मी? नेमके शब्द सांग. तू ऐकलेस ना?”

हीच वेळ होती. तोंड उघडलं.

आणि म्हणालो, “तुम्ही म्हणालात, पुरे झालं. ही माणसं मला घरी न्यायची आहेत.”

कुठून आले हे शब्द, माहीत नाही. शोधावे लागले नाहीत. तयारच होते.

त्यांनी माझा हात सोडला. मग डोळ्यांतून पाणी आलं. पुसलंही नाही. हळू आवाजात पुन्हा म्हणून बघितले ते शब्द. एकदा, दोनदा. दुसऱ्यांदा ते त्यांचेच वाटले. “असं म्हणालो मी?”

“हो साहेब.”

“मग काढून घेऊ देत तलवार.”

मी घरी आलो आणि दिवसभर एक बाही शिवली. संध्याकाळी बघतो तर उलटी लावलेली.

गुरुवार, १४ नोव्हेंबर.

सगळ्या ला विन्यात पसरलंय. निकासिओ इस्पितळात अधिकाऱ्यांच्या दाढ्या करायला जातो. तो आज चौकात गिऱ्हाईकाच्या गालाला साबण लावून ठेवून, वस्तरा हवेत फिरवत सांगत होता, “पुरे झालं, ही माणसं मला घरी न्यायची आहेत! असं म्हणाले. रक्ताने माखलेले, तरी असं म्हणाले! मी त्यांचे पाय धरले. म्हटलं साहेब, त्या घरी न्यायच्या माणसांतला एक मी!”

गिऱ्हाईक म्हणालं, “मीही एक घरी जायचं माणूस आहे. साबण वाळला.”

रेमेदिओसही रडली म्हणे. तीच ती!

अधिकाऱ्यांच्या क्लबात मात्र त्यांना ‘दाई’ म्हणतात. माणसं घरी नेणारी. निकासिओ सांगत होता, ते ऐकून डॉन फेर्मीन नुसते हसतात.

मला कळत नाही मी त्यांचं भलं केलं की वाटोळं. परवा त्यांनी चौकशीला लेखी कळवलं. हुकूम माझाच, शब्द हे हे, पश्चात्ताप नाही.

पश्चात्ताप नाही!

मंगळवार, १९ नोव्हेंबर.

उद्या माझी साक्ष. जेवलो नाही. आई म्हणते, “हो म्हणायला एवढं काय लागतं?”

बुधवार, २० नोव्हेंबर.

लांब टेबल, तीन अधिकारी, एक लिहिणारा. बाजूला खुर्चीवर डॉन फेर्मीन, ताठ, नवा कोट घातलेले. त्यांची तलवार टेबलावर होती. मागच्या बाकावर कोस्मे.

मधल्याने डॉन फेर्मीनचं लेखी उत्तर वाचून दाखवलं. शब्दांपाशी आला तेव्हा शेजारच्याने नाक उडवलं. मग मला विचारलं, “तू हे ऐकलंस?”

मी टेबलावरच्या तलवारीकडे बघत होतो. मूठ जुनी होती, झिजलेली. कोणाच्या तरी आजोबांची.

“नाही साहेब,” मी म्हणालो.

मागे बाक करकरला.

“नाही म्हणजे?”

“डॉन फेर्मीन काही बोलले नाहीत. ते बेशुद्ध होते. क्रूस पाण्यात पडत होता, तो वर घ्यायचा म्हणून मी दोर सोडला. निशाण खाली आलं.”

लिहिणाऱ्याने टाक थांबवला. “उतरलं की उतरवलं? नीट सांग. एका अक्षराचा फरक आहे.”

“उतरलं,” मी म्हणालो.

“चुकून?”

“चुकून.”

मधल्याने शेजारच्यांकडे पाहिलं. मग तिघांपैकी जाडा अधिकारी हसायला लागला. आधी दाबून, मग मोठ्याने. “शिंपी! म्हणजे सान गिनेस शरण गेलंच नाही! शिंप्याने नाडी सोडली!” बाकीचे दोघेही हसले. हसताना त्यांचे चेहरे किती सैल झाले! किती दिवस सगळे याचीच वाट बघत असल्यासारखे. जहाजाने मान तुकवली नव्हती, कोणी भ्यालं नव्हतं. एका गावठी शिंप्याच्या हातून दोर निसटला होता. भराभर लिहून घेतलं. तलवार उचलून डॉन फेर्मीनच्या हातात दिली. मला शिक्षा काय, तर पुन्हा राजाच्या कुठल्याही जहाजावर पाय ठेवायचा नाही! यावर तर कोस्मेही हसला.

बाहेर त्याने माझ्या पाठीत गुद्दा घातला. “माझ्याशी खोटं बोललास, त्याचा हा. आणि हा…” म्हणून मिठी मारली, “त्यांचं नाव धुऊन काढलंस त्याचा.”

डॉन फेर्मीन पायऱ्यांवर एकटे उभे होते. तलवार कमरेला लावलेली नव्हती, हातात होती, कोणाची तरी धरायला दिल्यासारखी. मी जवळ गेलो. क्षमा मागायला शब्द जमवत होतो.

त्यांनीच विचारलं, “मग ते शब्द?”

“माझे, साहेब.”

त्यांनी मान हलवली. समुद्राकडे बघत राहिले.

“चांगले होते,” म्हणाले. टोपी घातली आणि गेले. एकदाही मागे वळले नाहीत.

घरी गल्लीत निकासिओने हाक मारली, “काय शिंपीबुवा! विजार धरून ठेवा, नाडी सुटेल!” सगळी गल्ली हसली. आईसुद्धा. खूप दिवसांनी अशी हसली. चूक तर चूक, म्हणाली, चूक माणसाच्या हातूनच होते.

मीही हसलो. हसणं सोपं होतं. हेच मला टोचलं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर.

निशाणाचा दोर अंबाडीचा. गुळगुळीत, तळव्यातून पाण्यासारखा सरणारा. क्रूसाचा दोर एस्पार्तो गवताचा. खरखरीत, तळव्याला टोचणारा. मी शिंपी आहे. डोळे बांधले तरी रेशमात किती सूत मिसळलंय ते बोटांनी सांगतो.

त्या दिवशी माझ्या हातात आलेला दोर मऊ होता.

तो मऊ आहे, हे सोडण्याआधी मला कळलं होतं.